अद्भुताचे कोरीव चेहरे : ठाणे प्रांतातील एका कलेची पूर्वपीठिका

इ. स. 1787 मध्ये ठाण्याच्या किल्ल्यात बांधकामासाठी पाया खणला जात असता मजुरांच्या हाती तांब्याचे कोरीव पत्रे लागले आणि जनरल कार्नॅक यांच्या मार्फत ते कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीपुढे जाऊन तिच्या ‘एशियाटिक रिसर्चेस’च्या पहिल्याच खंडात त्यांचा तर्जुमा प्रसिद्ध झाला. शिलाहार राजा अरिकेसरी याचे शके 939 चे, म्हणजे इ. स. 1017 चे, ते दानपत्र होय. इतिहासकारांनी त्यातून वंशावळ घेतली, गावांची नावे घेतली, मिती तपासली, आणि दफ्तरी कामाच्या शिरस्त्याला धरून ते योग्यच झाले. परंतु चित्रकलेच्या अभ्यासकाचे लक्ष शिलाहारांच्या अशा पत्रांवरील मजकुराइतकेच त्यांच्या राजमुद्रेकडेही जाते, कारण त्या मुद्रेत गरुड असतो. शिलाहार स्वतःला जीमूतवाहन नामक विद्याधराचे वंशज म्हणवीत. नागकुमाराचे प्राण वाचावेत म्हणून वध्यशिलेवर स्वतः जाऊन बसलेला जीमूतवाहन त्यांचा पूर्वज, आणि त्याच शिलेवर भक्ष्य घेण्यास उतरलेला गरुड त्यांचे ध्वजचिन्ह, असा हा विलक्षण मामला आहे. भक्षक आणि भक्ष्य या दोघांनाही एकाच घराण्यात मानाचे पान देण्याची ही रसिकता आमच्या उत्तर कोकणच्या राजांनी दाखवली, याचे मला नेहमीच कौतुक वाटत आले आहे.

माणसाचे धड आणि पक्ष्याचे नाक असलेला हा प्राणी श्रीस्थानकाच्या, म्हणजे जुन्या ठाण्याच्या, बाजारात कोणा कारागिराने पाहिला असणे संभवनीय नव्हते. ज्याला प्रत्यक्षात नमुना नाही असा चेहरा धातूवर उमटवावयाचा, आणि तो असा की पाहणाऱ्याला तो कोणा एकाच व्यक्तीचा वाटावा, हे कल्पित व्यक्तिचित्राचे कूट त्या कारागिरापुढे होते. आज डोंबिवलीतील एखाद्या सदनिकेत, रात्रीच्या दिव्याखाली, स्क्रेपरबोर्ड नावाच्या, काळा लेप दिलेल्या पुठ्ठ्यावर पात्याच्या टोकाने एखाद्या नागकन्येचे, चेटकिणीचे किंवा चिलखतातील वीराचे मुख खरवडून काढणाऱ्या तरुण चित्रकारापुढेही तेच कूट असते. या दोघांमध्ये वारशाची अखंड साखळी आहे असा दावा मी करणार नाही. मधले दुवे तुटलेले आहेत, कित्येक परदेशातून आलेले आहेत, आणि सर्वांत महत्त्वाचा दुवा तर छापखान्याच्या काटकसरीने घडविलेला आहे. अद्भुताची ओढ आपल्याकडे पुरातन असली तरी तिला काळ्यावर पांढऱ्याचे हे विशिष्ट रूप मिळाले ते जस्ताच्या पत्र्यामुळे आणि हलक्या कागदामुळे, असे माझे मत आहे.

तथापि छापखान्याकडे जाण्यापूर्वी अंबरनाथास थांबणे भाग आहे. कल्याणपासून दोन-तीन कोसांवर असलेले हे शिवालय, त्यातील शिलालेखानुसार, शके 982 मध्ये, म्हणजे इ. स. 1060 मध्ये, मुम्मुणी शिलाहाराच्या कारकिर्दीत सिद्धीस गेले. त्याच्या बाह्यभिंतींवर देव, गण, अप्सरा आणि तपस्वी यांची जी दाटी आहे तीत काळाने आणि पावसाने अनेकांची नाके-ओठ झिजविले आहेत. तरीही दुपार कलल्यावर ऊन तिरपे होते तेव्हा दगडाच्या खोलगट भागांत काळोख साठतो, उंचवट्यांवर प्रकाश उरतो, आणि झिजलेला चेहरा क्षणभर पुन्हा पुरा होतो. 1868 च्या सुमारास सरकारी हुकुमाने मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे टेरी आणि त्यांची मंडळी येथे आली, त्यांनी मंदिराची मोजमापी रेखाटने केली आणि शिल्पांचे प्लॅस्टरचे साचे घेतले. हेतू अर्थातच पुरातत्त्वाच्या नोंदीचा होता. पण छायेवरून आकार ओळखणे आणि तो कागदावर फक्त काळ्या रेषेने सांगणे हा जो अभ्यास त्या कामात घडला असेल, तो पुढे छापील चित्राच्या धंद्यात शिरणाऱ्या प्रत्येकाला करावाच लागला.

येथेच एक शंका उपस्थित केली जाते. काळ्या-तांबड्या पार्श्वभूमीवर पांढरी आकृती म्हटली की ठाणे जिल्ह्यातील मनुष्याला प्रथम वारली चित्रे आठवतात, आणि स्क्रेपरबोर्डाचे मूळ तेथेच शोधावे असे सुचविणारे उत्साही लोक मला भेटलेले आहेत. पण गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाचे पाणी काडीने चढविणे आणि काळा थर पात्याने उतरविणे या परस्परविरुद्ध क्रिया होत. शिवाय डहाणूजवळच्या गंजाडच्या जिव्या सोमा मशे (1934–2018) यांच्यासारख्या थोर वारली चित्रकाराच्या माणसांनाही नाक-डोळे नसतात. तेथे माणूस ओळखावयाचा तो त्याच्या कामावरून, चालीवरून, नाचाच्या फेऱ्यातील जागेवरून. व्यक्तिचित्राची वाट निराळी आहे, आणि ती धातूच्या व लाकडाच्या कोरणीतून जाते.

मराठी मुलखात ती वाट पेशवाईच्या अखेरीस दिसू लागते. चार्ल्स मॅलेट पुण्यास इंग्रजांचा वकील असताना जेम्स वेल्स या चित्रकाराच्या देखरेखीखाली पुण्यात एतद्देशीयांना चित्रकला शिकविण्याची तजवीज झाली, गंगाराम तांबट याच्यासारखा कसबी रेखाटनकार त्यातून पुढे आला, आणि ताम्रपत्रावर कोरून छापण्याची विद्याही त्याच सुमारास एका तांबटाच्या हाती लागली. तिचे फळ म्हणजे 1805 मध्ये मिरजेस पटवर्धनांच्या आश्रयाने छापली गेलेली भगवद्गीता. देवनागरी अक्षर तांब्यात उलटे खोदून कागदावर सुलटे उमटविणाऱ्या त्या कारागिराच्या हातातील हत्यार, टाकाऊ धातूची निघणारी बारीक सळसळती तार, आणि एकदा गेलेला घाव परत घेता न येण्याची धास्ती या गोष्टी आजच्या स्क्रेपरबोर्डवाल्याला परक्या वाटणार नाहीत. एक भेद मात्र मूलभूत आहे. ताम्रपत्रावरील खाचेत शाई भरते, म्हणून खोदलेली रेघ कागदावर काळी येते. उलट लाकडी ठशात शाई उंच राहिलेल्या पृष्ठावर लागते, म्हणून खोदलेली रेघ पांढरी राहते. हातांची क्रिया तीच. पण पहिल्या प्रकारात कारागीर अंधार काढीत असतो आणि दुसऱ्यात उजेड. इंग्लंडात टॉमस ब्यूइक (1753–1828) याने लाकडाच्या आडव्या कापाच्या कठीण पृष्ठावर बारीक कोरणी चालवून या पांढऱ्या रेघेलाच चित्राची भाषा बनविले, आणि स्क्रेपरबोर्ड हे त्याच भाषेचे, लाकडाऐवजी खडूच्या थरावर लिहिलेले, धाकटे भावंड होय.

आपल्याकडे मात्र चित्रछपाईचा पहिला मोठा सुकाळ शिळाप्रेसने आणला. गणपत कृष्णाजींनी 1831 मध्ये मुंबईस मराठी पंचांग शिळेवर छापले. दगडावर तेलकट शाईने काढावे आणि तसेच उमटावे, यात कोरणीची कटकट नव्हती. ठाण्यासही छापखाना लवकर आला. 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदराहून निघालेली पहिली आगगाडी ठाण्यास पोहोचली, पुढच्याच वर्षी रूळ कल्याणपर्यंत गेले, आणि 1866 मध्ये काशिनाथ विष्णु फडके यांचे ‘अरुणोदय’ हे साप्ताहिक ठाण्यास सुरू झाले. त्या छापखान्याशी निगडित असलेले ‘हिंदुपंच’ हे खोचक पत्र पुढे इतके निर्भीड झाले की गोपाळ कृष्ण गोखले यांना त्याच्यावर अब्रुनुकसानीची फिर्याद गुदरावी लागली. ही हकीकत विषयांतराची खरी; पण ‘हिंदुपंच’ने ज्याचे नाव घेतले त्या लंडनच्या ‘पंच’चा (1841) संबंध आमच्या विषयाशी निकटचा आहे. त्या पत्राचा व्यंगचित्रकार जॉन टेनिएल यानेच 1865 मध्ये ‘ॲलिस’च्या अद्भुत नगरीतील प्राण्या-माणसांना चेहरे दिले, आणि ते लाकडावर कोरले डॅल्झिएल बंधूंनी. चित्रकार काढणार, कोरक्या कोरणार आणि कोरक्याच्या घावांतून आलेला कणखरपणा चित्रकाराच्या नावावर जमा होणार, असा हा व्यवहार होता.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात छायाचित्रणाने कोरक्याची नोकरी संपविली. चित्राचे निगेटिव्ह घेऊन जस्ताच्या पत्र्यावर उतरवावयाचे, पांढरा राहावयाचा भाग तेजाबाने खाऊ द्यावयाचा, आणि उरलेला पत्रा लाकडावर ठोकून खिळ्यांच्या उंचीला आणावयाचा. हा लाइन ब्लॉक. तो स्वस्त होता, टिकाऊ होता, मजकुराच्या खिळ्यांबरोबर एकाच फर्म्यात बसत होता, परंतु त्याला करडा रंग माहीत नव्हता. छटा हव्या असतील तर जाळीच्या ठिपक्यांचा हाफटोन ब्लॉक करावा लागे, आणि तो गुळगुळीत आर्टपेपरवर जितका देखणा दिसे तितकाच वर्तमानपत्री कागदावर चिखल करी. ज्याने जुन्या अंकांची पाने चाळली आहेत त्याला ते ओळखू न येणारे, काजळीत बुडालेले मान्यवर आठवत असतील.

या अडचणीतून स्क्रेपरबोर्डाचा भाव वाढला. पुठ्ठ्यावर चिनी माती आणि सरस यांचा घट्ट, गुळगुळीत थर, त्यावर काळ्या शाईचा लेप, आणि तो खरवडला की खालची शुभ्र माती उघडी पडते. रेघा दाट-विरळ, जाड-बारीक करून करड्याचा आभास निर्माण करता येतो, पण चित्रात वस्तुतः काळे आणि पांढरे याखेरीज तिसरे काहीच नसते, त्यामुळे ते स्वस्त लाइन ब्लॉकवर, अत्यंत हलक्या कागदावरही जसेच्या तसे उतरते. कोरक्याला न विचारता चित्रकाराला कोरणीचा सारा थाट मिळाला. जाहिरातदारांना हे तत्काळ पटले. घड्याळे, पंखे, साबण, बूट आणि दागिने यांची वर्तमानपत्रांतील झळझळीत चित्रे पुढे कित्येक वर्षे याच पद्धतीने निघत राहिली. मुंबईस जे. जे. कलाशाळेत 1935 मध्ये व्यावसायिक चित्रकलेचा विभाग उघडला गेला आणि व्ही. एन. आडारकर यांनी तो नावारूपास आणला. 1961 मध्ये त्याची उपयोजित कलेची स्वतंत्र संस्था झाली. छापखान्याला जे झेपेल तेच चित्र, हा तेथील व्यवहाराचा पहिला धडा असे.

योगायोग असा की त्याच 1935 च्या डिसेंबरात अमेरिकेत ‘वीअर्ड टेल्स’ या भयाद्भुत कथांच्या मासिकात व्हर्जिल फिन्ले (1914–1971) या तरुणाची चित्रे प्रथम झळकली. लाकडाच्या लगद्याच्या खरखरीत कागदावर छापले जाणारे हे मासिक इतके कनिष्ठ प्रतीचे की त्यावर नाजूक चित्र मरून जावे. पण फिन्लेने स्क्रेपरबोर्ड आणि असंख्य सूक्ष्म ठिपके यांच्या साह्याने त्यावर राक्षस, यक्षिणी आणि परग्रहावरील राजकन्या यांची अशी मुखे काढली की वाचक कथा विसरून चित्रे कापून ठेवू लागले. कल्पित पात्राचे तपशीलवार व्यक्तिचित्र आणि स्क्रेपरबोर्ड यांचे लग्न लागले ते तेथे, आणि लावणारा भटजी पुन्हा हलका कागदच होता.

ते लग्न टिकले याचे कारण मात्र केवळ छपाईत सापडत नाही. ते एकदा हाताने करून पाहिल्याशिवाय कळत नाही. गरुडाचेच मुख घेऊ. कच्चे रेखाटन पातळ कागदावर पेन्सिलीने करून घ्यावे, त्याच्या पाठीला पांढरा खडू चोळावा आणि बाह्यरेषा गिरवून ती बोर्डावर पुसट उतरवावी. मग पहिला घाव डोळ्यात घालावा. बुबुळ तसेच काळे सोडून त्याच्या कडेला, प्रकाश ज्या दिशेने येत असेल तिकडे, टोकाने एकच टिंब टोचले की काळ्या पाटीवरून कोणीतरी आपल्याकडे पाहू लागते. नंतरचे सारे काम त्या नजरेच्या साक्षीने करावे लागते. भुवईची पिसे मुळाकडून टोकाकडे खेचावी, कारण घाव जेथे सुरू होतो तेथे तो रुंद आणि जेथे हात उचलतो तेथे केसासारखा बारीक होतो. उलट दिशेने ओढलेले पीस काट्यासारखे दिसते. चोचीच्या वळणावर रेघा वळणालाच धरून जाव्यात, सरळ गेल्या तर चोच पत्र्याची होते. गळ्यातील कंठ्याच्या मण्यांना एकेक स्पष्ट ठिपका पुरतो. निघालेला काळा भुगा मऊ ब्रशाने झटकावा. हाताने पुसला तर तो उघड्या मातीत मुरतो, आणि तळव्याचा घाम काळ्या लेपाला लागू नये म्हणून मनगटाखाली स्वच्छ कागद ठेवावाच लागतो. चुकलेल्या जागी शाई लावून पुन्हा खरवडता येते, पण एक-दोनदाच. त्यानंतर माती खड्ड्याखड्ड्यांनी उखडते. आणि आमच्या खाडीकाठच्या हवेत आषाढ-श्रावणात तर बोर्ड इतका दमट होतो की रेघ स्वच्छ तुटण्याऐवजी फाटते. तेव्हा तो प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून ठेवणे आणि गणपतीनंतर काढणे हेच शहाणपणाचे.

साध्या कागदावर चित्र काढताना चित्रकार छाया रंगवीत जातो आणि प्रकाश आपोआप शिल्लक राहतो; येथे सर्वत्र रात्रच असते आणि जेवढे दिसावयाचे तेवढेच कष्टाने मिळवावे लागते. ज्याला कोणी पाहिलेले नाही अशा पात्राला ही रीत फार मानवते, कारण त्याचे अर्धे मुख काळोखात ठेवले तरी वाचक तक्रार करीत नाही, उलट ते अर्धे स्वतः पुरे करतो. वास्तव माणसाच्या बाबतीत ही सवलत नसते. डोंबिवलीच्या शिल्पालयात भाऊ साठे (1926–2021) यांची व्यक्तिशिल्पे पाहताना हे जाणवते: दिल्लीच्या टाउन हॉलपुढील गांधी असोत वा गेटवे ऑफ इंडियाजवळील अश्वारूढ शिवछत्रपती, तेथे लोकांच्या मनात चेहरा आधीच ठरलेला आणि शिल्पकार त्याला जबाबदार. कल्पित पात्राच्या चित्रकाराला असा जामीन कोणी मागत नाही, म्हणून त्याची जबाबदारी कमी होते असे मात्र समजू नये. जो तपशील वास्तवाने द्यावयाचा तो सर्व त्याला पदरचा घालावा लागतो.

मराठी वाचकाला अद्भुताचे वावडे कधीच नव्हते. लक्ष्मणशास्त्री हळबे यांच्या ‘मुक्तामाले’पासून (1861) नाथमाधवांच्या ‘वीरधवला’पर्यंत तो भुयारे, जादूगार आणि वेषांतरे यांतच रमला होता. का. र. मित्र यांनी ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक 1909 मध्ये काढल्यानंतर चित्रे ही मासिकांची गरज बनली, 1945 मध्ये दीनानाथ दलाल यांनी ‘दीपावली’ सुरू करून चित्रकारालाच संपादकाच्या खुर्चीवर बसविले, आणि रघुवीर मुळगावकर (1918–1976) यांनी देवादिकांपासून बाबुराव अर्नाळकरांच्या झुंजार-काळापहाडापर्यंत सर्वांना गुळगुळीत, तेजस्वी कांती दिली. मुखपृष्ठे अशी रंगांनी नटली, तरी आतली पाने लाइन ब्लॉकचीच राहिली. अनंत अंतरकरांच्या ‘हंस’ (1946), ‘मोहिनी’ आणि विशेषतः ‘नवल’ या मासिकांनी गूढ, साहस आणि विस्मय यांना हक्काचे घर दिले. 1952 पासून मराठीत निघू लागलेल्या ‘चांदोबा’ने खांद्यावर प्रेत घेतलेला विक्रमादित्य घरोघरी पोहोचविला. या सर्व चित्रांत स्क्रेपरबोर्डाची काटेकोर कोरणी क्वचितच होती. दौत-टाक आणि ब्रश हेच प्रमुख हत्यार. माझ्या दृष्टीने ही थोडी खेदाची गोष्ट आहे. आमच्या चित्रकारांना रेषेचा लालित्यपूर्ण ओघ अधिक प्रिय होता, आणि दिवाळी अंकाच्या घाईत एका चेहऱ्यावर आठवडा घालविणे परवडणारेही नव्हते. ज्यांनी जाहिरातींत घड्याळाच्या कड्या केस मोजावेत तशा खरवडल्या, त्यांना तोच हात एखाद्या वेताळावर चालविण्याची फुरसद धंद्याने दिली नाही.

ती फुरसद आली ती धंदा बुडाल्यावर. 1980 च्या आसपास ऑफसेट छपाई सर्वत्र रूढ झाली, तिला कोणत्याही छटेचे भय नव्हते. ब्लॉकमेकरांची दुकाने मिटली, तेजाबाच्या टाक्या रिकाम्या झाल्या, आणि स्क्रेपरबोर्डाचे छापखान्याला काही कारण उरले नाही. मुंबईच्या छापखान्यांत, जाहिरातसंस्थांत आणि कचेऱ्यांत चाकरी करून लोकलने ठाणे, डोंबिवली, कल्याणास परतणाऱ्या मध्यमवर्गाच्या घरांत त्या जमान्याची हत्यारे कोठे कोठे खणांत पडून राहिली. परंतु गरज संपली की कला मरते हा नियम येथे लागू पडला नाही. पाश्चात्त्य देशांत वन्य प्राणी आणि अद्भुत पात्रे रंगविणाऱ्यांनी हा बोर्ड पुन्हा उचलला. 2011 मध्ये अमेरिकेत स्क्रेपरबोर्ड चित्रकारांची आंतरराष्ट्रीय संस्थाही स्थापन झाली. आमच्याकडे शाळेतील चित्रकलेच्या तासाने त्याचे एक घरगुती रूप जिवंत ठेवले आहे: कार्डशीटवर मेणाचे खडू दाबून घासावयाचे, वर काळा पोस्टर रंग फासावयाचा, आणि वाळल्यावर शाई संपलेल्या बॉलपेनने मोर, मासा नाहीतर राक्षस काढावयाचा. त्यातलीच काही मुले पुढे संगणकावरील खेळांतील आणि कादंबऱ्यांतील पात्रांच्या नादी लागून खऱ्या मातीच्या बोर्डापर्यंत पोहोचतात.

या स्थित्यंतरात मालकीचा एक मजेदार उलटफेर झाला आहे. लाइन ब्लॉकच्या काळात मोल होते ते ठशाला. तो कपाटात नंबर घालून ठेवीत आणि पुन्हा पुन्हा वापरीत, तर मूळ बोर्ड ब्लॉकमेकराकडून परत आलाच तर रद्दीत जाई. आता ठसाच नाही, म्हणून मूळ चित्र हेच अंतिम वस्तू झाले, काचेआड गेले आणि विकले जाऊ लागले. परिणामी जुन्या कारागिरीचे अस्सल बोर्ड आज दुर्मीळ आहेत, आणि ज्याला तिचा माग काढावयाचा आहे त्याने जुन्या नियतकालिकांच्या बांधीव फायली धुंडाळाव्यात. त्यासाठी फार लांब जावे लागत नाही: कल्याणचे सार्वजनिक वाचनालय 1864 चे, आणि ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय, विनायक लक्ष्मण भावे यांच्या पुढाकाराने स्थापन झालेले, 1893 चे. अशा वाचनालयांत बसताना भिंग जवळ असावे. टाकाची रेघ काळी असते आणि दोन रेघा एकमेकींवरून गेल्या की छेदबिंदूवर शाई साचून गोळा होतो. खरवडलेली रेघ पांढरी असते, छेदबिंदूवर ती आणखी उघडी पडते आणि काळ्याचे चिमुकले चौकोन मागे सोडते. साबणाच्या जाहिरातीतील त्या अनामिक स्त्रीच्या केसांत असे चौकोन दिसले की समजावे, येथे टाक नव्हे, पाते चालले आहे.